परदेशातल्या गरीब मुलाचं प्रायोजकत्व: ख्रिस्ती कुटुंबाने काय बघावं, काय लिहावं, कुठे थांबावं

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या मंडळीत उपासनेनंतर एका ख्रिस्ती संस्थेने टेबलावर परदेशातल्या गरीब मुलांच्या फोटोंची कार्डं मांडली होती. त्यातल्या एका मुलाला दरमहा मदत सुरू करावी असं तुम्हाला मनापासून वाटतंय. यजमानांना शंका आहे की पैसा खरंच त्या मुलापर्यंत जातो, की फोटो दाखवून नुसता गोळा होतो. सासूबाईंचं म्हणणं, आसपास गरजू कमी आहेत का? आणि तुमची नऊ आणि सहा वर्षांची मुलं विचारतायत, ‘तो आता आपला भाऊ होणार का?’

मी बरीच वर्षं अशा कार्यक्रमांत काम केलं आहे. सुरुवातीला मुलांची पत्रं आणि त्यांची भाषांतरं तपासत होतो, पुढे केंद्रांच्या पाहणीला जाऊ लागलो, आता मुख्यतः प्रायोजक कुटुंबांशी बोलतो. त्या अनुभवातून सांगतो.

मुलांच्या प्रश्नापासून सुरू करू, कारण तिथे गफलत झाली की पुढचं सगळं वाकडं जातं. तो त्यांचा भाऊ होणार नाही. अशा कार्यक्रमांत नाव असलेल्या बहुतेक मुलांना आई असते, अनेकांना वडीलही असतात, आणि नसले तर आजी, मावशी, थोरली बहीण असं कुणीतरी त्यांना सांभाळत असतं. आपला पहिला हप्ता जाण्याच्या कितीतरी आधीपासून त्या माणसांनी त्याला जगवलेलं असतं. आपलं शेवटचं पत्र गेल्यानंतरही तीच त्याच्याजवळ असणार आहेत. आपली जागा शेजाऱ्याची. चांगला शेजारी अडीनडीला धावून येतो, पण पोर कुणाचं हे विसरत नाही. संस्था कुठली, पत्रात काय, भेटवस्तू पाठवावी का, या सगळ्याला मी एकच कसोटी लावतो: यामुळे त्या मुलाच्या आईवडिलांचे हात बळकट होतायत, की त्यांना बाजूला सारलं जातंय?

ही चूक प्रायोजक मुद्दाम करत नाहीत. या पद्धतीचा जन्मच अनाथ मुलांसाठी झाला, म्हणून पालकत्वाची भाषा तिला चिकटून बसली. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ साली, निर्वासित मुलांसाठी जी संस्था निघाली तिच्या नावातच ‘फॉस्टर पेरेंट्स’, म्हणजे सांभाळ करणारे आईबाप, हे शब्द होते. आजची प्लॅन इंटरनॅशनल ती हीच. पुढच्याच वर्षी चीनमधल्या मुलांसाठी एका अमेरिकन प्रेस्बिटेरियन पाळकाने फंड उभारला, त्याचा पुढे चाइल्डफंड झाला. वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती संस्था १९५० सालची, कम्पॅशन ही दुसरी १९५२ सालची, आणि दोघींच्या प्रायोजकत्वाची सुरुवात कोरियन युद्धात पोरक्या झालेल्या मुलांपासून झाली. त्या काळात पैसा अनाथाश्रमांना जात असे. आज या संस्थांच्या कार्यक्रमांतली मुलं सहसा आपापल्या घरी राहतात. प्रायोजकांच्या मनातलं चित्र मात्र अजून जुनंच आहे.

म्हणून संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न हिशेबाचा नाही. हे मूल रात्री झोपतं कुठे, हा आहे. उत्तर ‘आमच्या वसतिगृहात’ किंवा ‘आमच्या अनाथाश्रमात’ असं आलं, तर पुढचे प्रश्न फार बारकाईने विचारा. त्याचे आईवडील हयात आहेत का? असतील तर ते मूल घरी का नाही? त्याला घरी परत पाठवण्यासाठी काय चाललंय? सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं होतं की जगभर संस्थांमध्ये राहणाऱ्या पाचांपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत असतात. मग ती मुलं तिथे कशी पोहोचतात? बहुतेकदा गरिबीमुळे. शाळा मिळेल, दोन वेळचं पोटभर मिळेल, असं कुणीतरी येऊन सांगतं आणि आई काळजावर दगड ठेवून मूल पाठवते. दर मुलामागे परदेशातून पैसा येत असला, की खाटा भरलेल्या ठेवण्यात चालकांचाही फायदा असतो. आपल्यासारख्या भाविक माणसांच्या दयेतून घरं तुटतात, आणि ते आपल्याला कळतही नाही.

लहान वयात कुटुंबाबाहेर राहण्याचे परिणाम काय होतात हे रुमानियात फार काळजीपूर्वक तपासलं गेलं आहे. बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात अनाथाश्रमांतली १३६ लहान मुलं घेतली होती. चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवड करून त्यांतल्या निम्म्यांना त्यांचा सांभाळ करणाऱ्या पालक-कुटुंबांत ठेवलं गेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ आणि माणसांशी जवळीक साधण्याची क्षमता दोन्ही जास्त चांगली झाली, आणि जी लवकर गेली त्यांना फायदाही जास्त झाला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही ठराव करून मुलांना संस्थांत ठेवण्याची पद्धत हळूहळू संपवावी असं सुचवलं. याला अपवाद आहेत. युद्धातून पळून आलेली, घरात अत्याचार सोसलेली मुलं काही काळ संस्थेतच सुरक्षित असतात. पण ‘काही काळ’ हे शब्द संस्थेच्या तोंडून यायला हवेत.

आता यजमानांची शंका. ती रास्त आहे, आणि श्रद्धा कमी म्हणून येणारी तर मुळीच नाही. मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू त्याने सोबत घेतले आणि कारणही स्पष्ट लिहिलं: इतकी मोठी रक्कम हाताळताना कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय यजमानांसोबत वाचा. हिशेब मागणं हा दानधर्माचाच भाग आहे, हे तिथे लख्ख दिसतं.

पैसा त्या मुलापर्यंत जातो का, याचं सरळ उत्तर असं की रोख रक्कम बहुधा जात नाही, आणि जाऊही नये. मोठ्या संस्थांत ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. कम्पॅशनसारख्या संस्थेत नोंदलेलं मूल गावातल्या चर्चच्या केंद्रात येतं. तिथे खाणं, अभ्यासाला मदत, आरोग्य तपासणी आणि पवित्र शास्त्राचे धडे मिळतात. पैसा त्या केंद्रामार्फत त्याच मुलासाठी खर्च होतो. वर्ल्ड व्हिजनसारख्या संस्थेत अनेक प्रायोजकांचा पैसा एकत्र करून त्या सगळ्या भागासाठी वापरला जातो: विहीर, शाळेची दुरुस्ती, शेतीचं प्रशिक्षण, बचत गट. तिथे तुमच्याकडच्या फोटोतलं मूल हे त्या गावाशी जोडणारा दुवा असतं, त्याच्या नावाचं वेगळं खातं नसतं. मला दोन्ही मान्य आहेत. दुसऱ्या पद्धतीत शेजारच्या घरातल्या, नाव नसलेल्या मुलालाही पाणी मिळतं. पहिलीत मुलाला ओळखणारा एक मोठा माणूस सतत जवळ असतो. पण आपण कुठल्या पद्धतीत सही करतोय हे आधी कळलं पाहिजे. नंतर कळलं की फसवल्यासारखं वाटतं, आणि मग कुटुंबं मदत बंद करतात.

याचा उपयोग होतो का, याबद्दल एक चांगला अभ्यास हाताशी आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्लीव्ह आणि लेन रटलेज या अर्थतज्ज्ञांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. बोलिव्हिया, ग्वाटेमाला, भारत, केनिया, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत १० हजारांहून जास्त माणसांची माहिती त्यांनी घेतली. मांडणी सोपी आणि हुशारीची होती. कम्पॅशनचं केंद्र गावात सुरू झालं तेव्हा बारा वर्षांवरची भावंडं नियमामुळे बाहेर राहिली आणि धाकटी आत आली. घर तेच, आईवडील तेच. मग मोठेपणी दोघांत फरक काय पडला ते पाहायचं. प्रायोजकत्व मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ठळक वाढलं, आणि मोठेपणी पगारी, कार्यालयीन कामात शिरण्याची शक्यताही वाढली. त्याच संशोधकांपैकी काहींनी पुढे इंडोनेशियात मुलांनी काढलेली स्वतःची चित्रं तपासली. प्रायोजित मुलांच्या चित्रांत आनंद आणि आशा जास्त दिसली. ‘आपलं काहीतरी होऊ शकतं’ असं मुलाला वाटणं हा या कार्यक्रमांच्या परिणामाचा एक भाग असावा, असं त्यांचं अनुमान आहे. केंद्रावर काम केलेल्या कुणालाही ते पटेल.

पण यजमानांना याची मर्यादाही सांगा. हा अभ्यास एकाच संस्थेचा आहे, आणि १९८० ते १९९२ या काळात सुरू झालेल्या केंद्रांचा. सगळ्यांचा पैसा एकत्र करणाऱ्या पद्धतीला त्याचा आधार घेता येत नाही, आणि गल्लीबोळातल्या नव्या संस्थेला तर नाहीच. उलट बाजूही नोंदलेली आहे. शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या पत्रकारांनी चार नामांकित संस्थांमार्फत बारा मुलांना प्रायोजकत्व दिलं, काही काळाने स्वतः जाऊन त्या मुलांना शोधलं, आणि १९९८ साली ते सगळं छापलं. काहींना फारसं काही मिळालेलं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातली एक मुलगी तर मरण पावली होती, आणि तिच्या नावाने पैसे येतच राहिले होते. म्हणून संस्थेला थेट विचारा: मूल हयात आहे, गावात आहे, केंद्रात येतं, हे तुम्ही किती वेळा आणि कोणाकडून तपासता? मूल कार्यक्रम सोडून गेलं तर आम्हाला कधी कळवता? चांगल्या संस्थेतला माणूस या प्रश्नावर गडबडत नाही.

लेखापरीक्षण झालेला वार्षिक अहवाल मागा. ज्या देशात संस्था नोंदलेली आहे तिथल्या नियामकाकडे तिची नोंद पाहा. इंग्लंड आणि वेल्ससाठी चॅरिटी कमिशन आहे, अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल संस्थांच्या आर्थिक शिस्तीसाठी १९७९ पासून ईसीएफए ही परिषद आहे. प्रशासनावरचा खर्च कमी म्हणजे संस्था उत्तम, हे समीकरण मात्र मनातून काढून टाका. गावागावांत जाऊन मुलांची खबरबात ठेवणारी माणसं पगार घेतात, आणि ती नसली की मालीसारखं घडतं. यजमानांना एका डॉलरमागे किती जीव वाचतात एवढंच बघायचं असेल, तर मलेरियाच्या मच्छरदाण्या किंवा अ जीवनसत्त्वाच्या मात्रा पुरवणाऱ्या कामाला पैसे द्या. औषध लावलेली मच्छरदाणी काही डॉलरमध्ये घरात पोहोचते. तेही प्रभूचंच काम आहे. प्रायोजकत्व महाग पडतं, कारण त्यात एका मुलासोबत वर्षानुवर्षं चालणं आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या म्हणतात त्यात तथ्य आहे. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौलाने तीमथ्याला फार कडक शब्दांत लिहिलं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं औषध थांबवून, जवळच्या गरजवंताकडे पाठ फिरवून परदेशात पैसा पाठवू नये. पण मी पाहिलंय की जी कुटुंबं लांबच्या मुलाला सातत्याने मदत करतात, ती जवळच्यांसाठीही सहसा हात आखडता घेत नाहीत. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडा आणि मग रक्कम ठरवा.

आता श्रद्धेचा प्रश्न. तुम्ही तो विचारला नाहीत, पण विचारायला हवा. अनेक ख्रिस्ती संस्था मुलांना येशूबद्दल सांगतात, आणि ते त्या उघडपणे सांगतात. त्यात मला गैर काही वाटत नाही, मात्र घरच्यांना ते आधीपासून माहीत हवं, त्यांची संमती हवी, आणि भाकरी व बाप्तिस्मा यांची गाठ कुठेही बांधलेली नसावी. संस्थेला विचारा, इतर धर्माच्या कुटुंबातलं मूल तसंच राहिलं तर त्याची मदत चालू राहते का? उत्तर ‘हो’ आणि तेही लगेच यायला हवं. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला एकच परत येतो. उरलेल्या नऊ जणांचं आरोग्य येशूने काढून घेतलं नाही. पत्रातून मुलाला ‘तू तारण स्वीकारलंस का’ असं खोदून विचारू नका. उपाशी पोर समोरच्याला हवं ते उत्तर देतं. त्या उत्तराने आपल्याला समाधान मिळेल, त्याच्या आत्म्याला काही मिळेलच असं नाही. आम्ही तुझ्यासाठी आणि तुझ्या आईबाबांसाठी प्रार्थना करतो, कशासाठी करू ते कळव, असं लिहा. मुस्लिम किंवा इतर घरांतही या वाक्याने कुणी दुखावल्याचं मला आठवत नाही.

पत्रांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पैशाचं काम संस्था करते, पत्र मात्र फक्त तुमच्याच हातात आहे. आणि बरेच प्रायोजक लिहीतच नाहीत. केंद्रात पत्रं वाटली जातात तेव्हा ज्या मुलाचं नाव कधीच पुकारलं जात नाही त्याच्या मनाला ते लागतं, त्याला दुपारचं जेवण तेवढंच मिळालेलं असलं तरी.

रवांडातल्या एका केंद्रावर पत्रलेखनाची सकाळ मी जवळून पाहिली आहे. शनिवार होता. चर्चच्या लांबट खोलीत बाकांवर मुलं दाटीवाटीने बसलेली. कार्यकर्त्याने फळ्यावर नमुना लिहून दिला: ‘येशूच्या नावाने नमस्कार. मी बरा आहे. तुम्ही कसे आहात? आमच्याकडे पाऊस पडतो आहे.’ बहुतेकांनी तेच जसंच्या तसं उतरवलं आणि पान रिकामं दिसू नये म्हणून खाली हाताचा पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवला. प्रायोजकांना जी सगळी सारखी, कोरडी पत्रं येतात ती अशी तयार होतात. एक मुलगा मात्र फळ्याकडे बघतच नव्हता. त्याच्या मांडीवर घड्या पडून मऊ झालेलं प्रायोजकाचं पत्र होतं. मागच्या वेळी त्याने घरी गाय आल्याचं लिहिलं होतं, आणि प्रायोजकाने विचारलं होतं, गाईचं नाव काय, दूध कोण काढतं? रवांडात गरीब कुटुंबाला एक गाय देण्याची ‘गिरिंका’ नावाची सरकारी योजना २००६ पासून चालू आहे. तिचा नियम असा की पहिली कालवड झाली की ती दुसऱ्या गरजू शेजाऱ्याला द्यायची. मुलाने किन्यारवांडा या तिथल्या भाषेत कागदाच्या दोन्ही बाजू भरून टाकल्या. गाईचं नाव, आई पहाटे दूध काढते ते, आणि कालवड झाली तर ती कोणत्या घरी जाणार आणि त्या घरातल्या मुलीला तो गवत कसं कापायचं ते आत्तापासून कसं शिकवतोय, हे सगळं. चुकलेला शब्द बोटाला थुंकी लावून पुसत होता. त्या पत्रात तो कुणाचा मिंधा नव्हता. ज्यांच्याकडे देण्यासारखं काही आहे अशा घरातला मुलगा लिहीत होता.

हे सगळं दोन प्रश्नांनी घडलं. म्हणून लांबलचक पत्रापेक्षा त्याच्या मागच्या पत्रातला एखादा तपशील धरून विचारलेले एक-दोन प्रश्न जास्त काम करतात. आईबद्दल विचारा, आजोबांना काय येतं ते विचारा, घरात कोणतं काम त्याला आवडतं ते विचारा. भाषांतरकाराचा विचार करून छोटी वाक्यं लिहा. विनोद, म्हणी, शब्दांचे खेळ वाटेत हरवतात. पत्र पोहोचून उत्तर यायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात, तेव्हा सणाचं पत्र खूप आधी टाका. स्वतःबद्दल लिहा, पण मोठं घर, नवी गाडी, सहली यांचे फोटो पाठवू नका. मुलाला काय वाटेल त्यापेक्षा त्याच्या वडिलांना ते पत्र मुलासमोर वाचताना काय वाटेल, हे मनात आणा. आजीचं दुखणं, मुलाची परीक्षेची धास्ती, घरात कुणाचं तरी निधन: ही सुखदुःखं सगळीकडे सारखीच कळतात. ‘तू गरीब आहेस पण’ असं कुठलंही वाक्य नको. ‘एक दिवस तुला इकडे आणू’ हे तर चुकूनही नको. तुम्ही विसरून जाता आणि ते मूल वाट बघत राहतं. पत्ता, फोन नंबर, समाजमाध्यमांवरचं नाव देऊ नका. संस्था पत्रं वाचून मगच पुढे पाठवते, त्याचा राग मानू नका. हा नियम मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे, आणि जी संस्था तो पाळत नाही तिच्यापासून लांब राहा.

भेटवस्तूंचं थोडक्यात. पार्सल पाठवू नका. ते सीमाशुल्कात अडकतं, पोहोचलं तर शेजारच्या मुलांसमोर उघडलं जातं. बऱ्याच संस्थांत ‘कुटुंबासाठी भेट’ म्हणून ठरावीक मर्यादेत रक्कम देता येते. कार्यकर्ता घरी जाऊन आईवडिलांना विचारतो आणि ते ठरवतात: छपराचे पत्रे, गादी, शेळी, शाळेचे बूट. मुलाला खेळणं मिळण्यापेक्षा वडिलांनी छप्पर घातलेलं बघायला मिळणं मला कितीतरी मोलाचं वाटतं. आणि मोह झाला तरी मर्यादेपेक्षा जास्त देण्यासाठी संस्थेशी भांडू नका. एकाच घरात अचानक खूप पैसा आला की गावात त्या कुटुंबाचं जगणं अवघड होतं.

तुमच्या मुलांना यात जरूर घ्या. थोरल्याला त्याच्याच वयाचं मूल निवडू द्या, धाकटीला चित्र काढू द्या, दोघांनी स्वतःच्या खाऊच्या पैशातून थोडं घालावं म्हणजे पदरमोड काय असते ते कळतं. फोटो जेवणाच्या टेबलाजवळ लावा आणि रोजच्या प्रार्थनेत नाव घ्या. पण एक गोष्ट हात जोडून सांगतो: ‘बघ, त्याला खायला मिळत नाही आणि तू ताटात टाकतोस’ असं कधी म्हणू नका. त्याने तुमची मुलं कृतज्ञ होत नाहीत. ती त्या फोटोवर चिडतात, किंवा त्या मुलाला कायमचं बिचारं समजू लागतात. त्यापेक्षा तो नदीवरून पाणी आणून मग शाळेत जातो, त्याला तीन भाषा समजतात, हे सांगा. ज्याच्याकडून शिकता येईल असा एक मुलगा, एवढं त्यांच्या मनात रुजलं की पुरे.

कार्ड निवडताना हसऱ्या लहान मुलींची कार्डं आधी संपतात. मोठे मुलगे सगळ्यात जास्त काळ थांबलेले असतात. तुम्हाला जमणार असेल तर दहा-बारा वर्षांचा मुलगा घ्या. त्याच्यासोबतची वर्षं कमी असतील, पण शाळा सुटण्याचं वय तेच असतं. वर्ल्ड व्हिजनने २०१९ पासून काही ठिकाणी उलटी पद्धत सुरू केली आहे, तिथे मुलंच प्रायोजकांच्या फोटोंतून निवड करतात. मला ती मनापासून आवडते. सही करण्याआधी सगळ्या वर्षांची बेरीज मांडा. महिन्याला ४० डॉलर धरले आणि सहा वर्षांचं मूल अठरापर्यंत राहिलं, तर ५,७६० डॉलर होतात. हे आकडे बघून यजमान दोन दिवस विचार करायला मागतील तर मागू द्या.

प्रत्यक्ष भेटायला जायचं झालं तर संस्थेमार्फतच जा. तुमची पार्श्वभूमी तपासली जाईल, मुलासोबत एकटं राहू दिलं जाणार नाही, आणि दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. तिथे गेल्यावर आधी त्याच्या आईशी बोला.

शेवटी थांबण्याबद्दल, कारण ते कुणी आधी सांगत नाही. कधी संस्थाच थांबते. भारत सरकारच्या परदेशी निधीविषयीच्या निर्बंधांमुळे कम्पॅशनला मार्च २०१७ मध्ये तिथलं काम बंद करावं लागलं, आणि सुमारे १ लाख ४५ हजार मुलांचं प्रायोजकत्व एकदम संपलं. कधी मोठ्यांच्या वादात मुलं सापडतात. २०१४ साली अमेरिकेतल्या वर्ल्ड व्हिजनने समलिंगी विवाह केलेल्या ख्रिस्ती व्यक्तींना नोकरी देण्याचं धोरण जाहीर केलं आणि दोन दिवसांत मागे घेतलं. तेवढ्यात हजारो प्रायोजकत्वं रद्द झाली होती. धोरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, तुमच्या फोटोतल्या मुलाचा त्या वादाशी काही संबंध नव्हता. संस्थेशी मतभेद झाले तर तिला कडक पत्र लिहा, नवं मूल घेऊ नका, पण हातात घेतलेलं पूर्ण करा.

आणि नोकरी गेली, घरात आजारपण आलं, झेपेनासं झालं, तर थांबण्यात पाप नाही. दोन-तीन हप्ते चुकवून गप्प बसण्याऐवजी लगेच कळवा, म्हणजे संस्थेला दुसरा प्रायोजक शोधायला वेळ मिळतो. दरम्यान चांगली संस्था त्या मुलाची मदत चालू ठेवते, हे सही करतानाच विचारून घ्या. मुलाला शेवटचं पत्र मात्र लिहाच. कारण साध्या शब्दांत सांगा: आमच्या घरात पैशाची अडचण आली आहे, तुझं काहीही चुकलेलं नाही. ते सांगितलं नाही तर मुलं स्वतःलाच दोष देतात. कुणाला वाटतं आपलं अक्षर वाईट होतं, कुणाला वाटतं परीक्षेत कमी पडलो म्हणून. त्याच पाकिटात त्याच्या आईसाठी चार ओळी वेगळ्या लिहा आणि तिने तुमच्यावर टाकलेल्या विश्वासाबद्दल तिचे आभार माना.